गरोदरपणातील स्ट्रेच मार्क्स : तेल, ट्यूब आणि लेझर यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या २७ वर्षांच्या एका पहिलटकरणीने विचारले आहे की, चोविसाव्या आठवड्यात तिच्या बेंबीखाली आणि मांड्यांच्या बाजूला जांभळट रेघा दिसू लागल्या आहेत. सासूबाई रोज कोमट खोबरेल तेल चोळायला सांगतात, ऑफिसातल्या मैत्रिणीने दीड हजार रुपयांचे क्रीम आणून दिले आहे, आणि आईच्या पोटावर मात्र सत्तावीस वर्षांनंतरही पांढऱ्या खुणा स्पष्ट दिसतात. या रेघा आता थांबवता येतील का, आणि बाळंतपणानंतर लेझरने त्या पूर्ण जातात का, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

दादरला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे दोन्ही प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावे लागतात, म्हणून आधी थेट उत्तर देते. या रेघा येणारच नाहीत अशी खात्री कोणतेही तेल, क्रीम किंवा डॉक्टर देऊ शकत नाही. लेझरने त्या पुष्कळ फिकट होऊ शकतात, पण पुसल्या जात नाहीत. उपचारावर पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आज क्रीमवर घालवण्यापेक्षा बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. असे का, हे समजण्यासाठी ही खूण त्वचेच्या नेमक्या कोणत्या थरात पडते ते पाहावे लागेल.

त्वचेचा वरचा थर कागदाइतका पातळ असतो आणि तो सतत नवा होत राहतो. त्याच्याखालचा जाड थर कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंनी विणलेला असतो, आणि त्वचेचा ताण पेलण्याचे काम हाच थर करतो. पोट झपाट्याने वाढू लागले की या तंतूंवर ताण येतो. त्याच काळात गरोदरपणातील संप्रेरकांमुळे या तंतूंची बांधणीही बदललेली असते, त्यामुळे एरवी सहन झाला असता तेवढा ताणही त्यांना झेपत नाही आणि ते जागोजागी विरळ होतात, तुटतात. अस्तर लावलेल्या ब्लाउजचे वरचे कापड शाबूत राहावे आणि आतले अस्तर मात्र उसवावे, तसा हा प्रकार आहे. वरून लावलेले क्रीम वरच्या कापडापर्यंत पोहोचते, अस्तरापर्यंत त्यातले फारसे काही जात नाही.

सुरुवातीला त्या जागी सूक्ष्म दाह असतो आणि रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, म्हणून रेघ रंगीत दिसते. परदेशी जाहिरातींतल्या चित्रांत ती गुलाबी दाखवतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ती जांभळट किंवा चॉकलेटी दिसते, आणि त्यामुळे अनेक जणींना ही नवी रेघ आहे हेच कळत नाही. मोबाइलचा टॉर्च पोटाला आडवा धरून पाहिले तर ताजी रेघ किंचित उचललेली दिसते. बाळंतपणानंतर साधारण सहा ते बारा महिन्यांत तिचा रंग ओसरतो, ती पांढुरकी होते, थोडी खोल जाते आणि तिच्यावर चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या बारीक सुरकुत्या दिसतात. ताजी रंगीत रेघ आणि जुनी पांढरी रेघ हा फरक लक्षात ठेवावा, कारण उपचाराचे सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. बेंबीवरून खाली जाणारी एकच उभी काळसर रेषा मात्र यातली नव्हे. ती केवळ रंगद्रव्याची रेषा असते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिकी होते.

निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना या खुणा कमीअधिक प्रमाणात येतात, बहुधा सहाव्या महिन्यानंतर. आईला आल्या असतील तर मुलीला येण्याची शक्यता वाढते. कमी वयात पहिले बाळंतपण झाले, वयात येताना मांड्यांवर किंवा छातीवर अशा रेघा आधीच आलेल्या असल्या, गरोदर राहण्यापूर्वीच वजन जास्त असले किंवा बाळ वजनदार असले, तरी ती वाढते. जुळी असली किंवा गर्भजल जास्त असले तर पोटावरचा ताण अर्थातच अधिक असतो. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातात नाहीत. म्हणून ‘तू वेळेवर तेल लावले नाहीस’ असे कोणी म्हटले, तर ते मनाला लावून घेण्याचे कारण नाही. एकाच घरात सारख्याच तेलाने मालिश करून घेतलेल्या दोन जावांपैकी एकीचे पोट स्वच्छ राहिलेले आणि दुसरीचे रेघांनी भरलेले मी पाहिले आहे. तेल तेच होते, आई वेगवेगळ्या होत्या.

आता तेलाविषयी. कोको बटर, ऑलिव्ह तेल आणि इतर लेपांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात सहा चाचण्यांतील ८०० स्त्रियांची माहिती तपासली होती आणि कोणतेही लावण्याचे औषध या खुणा टाळते असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. बदाम तेलाने रोज मालिश करणाऱ्यांमध्ये खुणा काहीशा कमी आढळल्याचे एक-दोन छोटे अभ्यास सांगतात, पण तिथे गुण तेलाचा की हलक्या हाताच्या मालिशचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. मैत्रिणीने आणलेले क्रीम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ते त्वचा मऊ ठेवील आणि खाज कमी करील. तेवढेच काम साधे खोबरेल किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे बिनवासाचे मॉइश्चरायझरही करते, आणि त्याला दीड हजार रुपये लागत नाहीत. सासूबाईंचे तेल जरूर लावावे. मायेने सांगितलेली आणि निरुपद्रवी असलेली गोष्ट मोडीत काढण्याचा मला कधीच उत्साह नसतो.

फक्त मुंबईच्या हवेचा विचार करून ते लावावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात, किंवा ऑक्टोबरच्या त्या चिकट उष्म्यात, सकाळी अंगभर तेल थापून, वर घट्ट लेगिंग चढवून आठ-सत्तावीसच्या लोकलच्या गर्दीत दीड तास उभे राहिले, तर स्ट्रेच मार्क्सचे काही होवो न होवो, घामोळी आणि केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या मात्र हमखास येतात. तेल किंवा क्रीम रात्री, अंघोळीनंतर त्वचा किंचित ओली असताना, चमचाभर घेऊन पसरवावे. दाबून चोळू नये, कारण पोट रगडून कोलॅजन सांधत नाही. कपडे सुती आणि सैल असावेत. लिंबाचा रस चोळण्याचा सल्ला हल्ली मोबाइलवर फिरतो. लिंबू लावून उन्हात गेलेल्या त्वचेवर काळे डाग पडतात, आणि ते काही वेळा त्या रेघांपेक्षा अधिक उठून दिसतात.

‘खाजवले की व्रण पडतात’ या समजुतीबद्दलही विचारले जाते. दवाखान्यात आजही मला ऐकायला मिळते की, बाळाला जावळ भरपूर असणार म्हणून पोट खाजते आहे. गंमत अशी की हा वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सातव्या महिन्यातल्या या खुणांना ‘किक्किस’ असे नाव आहे. गर्भाला केस येऊ लागल्यामुळे आईला जळजळ होते असे स्त्रिया म्हणतात, असे तिथे नोंदवून त्या ग्रंथातले गुरू आत्रेय यांनी ते सपशेल नाकारले आहे आणि गर्भाच्या दाबामुळे वात, पित्त, कफ हे दोष छातीशी येऊन आग व कंडू म्हणजे खाज निर्माण करतात, असे कारण दिले आहे. जावळाची समजूत ग्रंथात खोडली गेली, तरी घरोघरी टिकून राहिली. त्याच ठिकाणी खाजवण्यामुळे त्वचा फाटते आणि विद्रूप होते, म्हणून खाजवू नये, असेही सांगितले आहे. आजच्या ज्ञानानुसार खाजवल्याने आतले तंतू तुटत नाहीत. पण नखांनी वरची त्वचा सोलली की आपल्या वर्णावर काळा डाग राहतो. सल्ला म्हणून तो अजूनही चोख आहे.

खाजेकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण सगळी खाज ताणाचीच असते असे नाही. काही जणींना शेवटच्या काही आठवड्यांत नेमक्या या रेघांमध्येच, अंगावर पित्त उठावे तसे लाल फोड उठू लागतात, बेंबीभोवतीची जागा तेवढी मोकळी राहते आणि मग ते मांड्यांवर पसरतात. हा पुरळ पहिलटकरणींमध्ये अधिक आढळतो, त्रास भयंकर देतो, पण आईला आणि बाळाला त्यापासून धोका नसतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो जातो. याउलट पुरळाची सुरुवात बेंबीपाशीच झाली आणि त्यात पाणी भरलेले फोड आले, तर तो निराळा, क्वचित आढळणारा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी लगेच करावी लागते. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. अंगावर पुरळ अजिबात नाही, पण तळहात आणि तळपाय रात्री इतके खाजतात की झोप लागत नाही, असे असेल तर ती यकृतात पित्त साचण्याची खूण असू शकते. अशा वेळी तेल लावून दोन दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून यकृताच्या कार्याची आणि रक्तातील पित्ताम्लांची तपासणी करून घ्यावी. पित्ताम्लांचे प्रमाण फार वाढले, विशेषतः दर लिटरला १०० मायक्रोमोलच्या पुढे गेले, तर बाळाच्या जिवाला धोका वाढतो आणि प्रसूती कधी करायची याचा निर्णय त्यावर बदलतो.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो तिच्याकडे वळते. पावसाळ्यात जांघेत आणि पोटाच्या घडीखाली नायटा होणे मुंबईत नित्याचे आहे आणि गरोदरपणात घाम वाढल्यामुळे तो लवकर पसरतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवरा किंवा दीर एक ट्यूब आणून देतो. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती ट्यूब महिनाभर चालू राहते. स्टेरॉइड कोलॅजन तयार होण्याचे काम मंदावते आणि त्वचा पातळ करते, आणि जांघेसारख्या झाकलेल्या, ओलसर जागी त्याचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो.

काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातली एक बाई माझ्याकडे ‘स्ट्रेच मार्क्स वाढले’ म्हणून आली. पोटावर तिच्या जेमतेम चार रेघा होत्या. दोन्ही जांघांत मात्र बोटभर रुंद, लालभडक, आत खचलेले पट्टे होते आणि त्यांच्या कडेने नायटा तसाच पसरत चालला होता. पिशवीतून तिने ट्यूब काढली. ती शेवटपर्यंत पिळून, टोकाकडून गुंडाळत आणलेली होती, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे ती चौथी होती. पोटाच्या खुणा काळाबरोबर फिकट होतात. स्टेरॉइडने पाडलेले हे रुंद पट्टे तितक्या सहज निवळत नाहीत. तिचा नायटा गरोदरपणात चालणाऱ्या साध्या क्लोट्रिमाझोलने काही आठवड्यांत गेला. पट्टे आजही आहेत. म्हणून ट्यूब वापरण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, आणि नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असलेला घटक दिसला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती उघडू नये. अर्थात ‘झोल’वर संपणारी बहुतेक औषधे बुरशीची असतात; त्यांच्याशी याची गल्लत करू नये.

दीड हजारांच्या त्या क्रीमच्या डब्यावरही हीच नजर टाकावी. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाचे कोणतेही रूप त्यात असेल तर गरोदरपणात ते बाजूला ठेवावे. या कुळातली पोटात घेण्याची औषधे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करतात हे निर्विवाद आहे. त्वचेवर लावल्यास शोषण फारच कमी होते, तरीही ज्या गोष्टीची घाई नाही तिच्यासाठी एवढीशी जोखीमही कोणी घेऊ नये. रंग उजळण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोक्विनोनही टाळावे, कारण त्याचा बराच भाग त्वचेतून रक्तात जातो.

आहाराबद्दल थोडक्यात. वजन हळूहळू आणि बेताने वाढणे हा तुमच्या हातातला एकमेव खरा उपाय आहे, आणि त्याचे लाभ त्वचेपुरते मर्यादित नाहीत. गरोदरपणाआधी वजन योग्य असेल तर संपूर्ण काळात साधारण साडेअकरा ते सोळा किलो, आणि आधीच जास्त असेल तर सात ते साडेअकरा किलो वाढ अमेरिकेतील २००९च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितली आहे. आपल्याकडे अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ दहा ते बारा किलोंवर समाधान मानतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदरपणात दिवसाला ३५० कॅलरी अधिक लागतात, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर मटकीची उसळ. ‘दोन जिवांचे खा’ याचा अर्थ दुप्पट खा असा होत नाही. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर आहेतच. याच्या उलट, रेघांच्या भीतीने जेवण तोडणे हा तर निखालस अविचार आहे, कारण वाढ बाळाची थांबेल, रेघा नव्हे.

बाळंतपणानंतर पहिले तीन महिने मी कोणताही उपचार सुरू करत नाही. त्वचा स्वतः आकसत असते, रंग उतरत असतो, आणि रात्री चार वेळा उठणाऱ्या आईला दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावण्यात अर्थ नाही. पट्टा बांधल्याने पाठीला आधार वाटत असेल तर बांधावा. रेघांवर त्याचा परिणाम होत नाही. सिझेरियन झाले की नैसर्गिक प्रसूती, यानेही फरक पडत नाही, कारण रेघा त्याआधीच पडलेल्या असतात.

त्यानंतर रेघा अजून रंगीत असतील, तर ती उपचाराची उत्तम वेळ. ०.१ टक्के ट्रेटिनॉइन चोवीस आठवडे लावल्याने ताज्या रेघांची लांबी-रुंदी कमी होते हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात दिसले. जुन्या पांढऱ्या रेघांवर मात्र तशा परिणामाची आशा धरता येत नाही. हे औषध त्वचा सोलवटते, लाल करते, आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत मी ते टाळते, कारण पोटावर लावलेले क्रीम बाळाच्या गालाला लागायला वेळ लागत नाही. दूध सुटल्यावर रात्री, वाटाण्याएवढे, आठवड्यातून तीन वेळा अशी सुरुवात करावी, आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर ते आधीच थांबवावे.

सुयांचे उपचार आणि फ्रॅक्शनल लेझर हे दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात. आतल्या थरात हजारो सूक्ष्म जखमा करून तिथे नवे कोलॅजन तयार व्हायला भाग पाडायचे. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने किमान चार-पाच बैठका लागतात आणि खरा फरक शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने हळूहळू दिसत राहतो. आपल्या वर्णाला मोठी अडचण अशी की लेझरची उष्णता जास्त झाली की तिथली त्वचा काळवंडते आणि तो काळेपणा महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून सावळ्या त्वचेवर मी पुष्कळदा सुयांपासून सुरुवात करते; त्यात उष्णता नसते आणि खर्चही कमी येतो. लेझर करायचेच असेल तर पोटाच्या एका कोपऱ्यात, अंतर्वस्त्राखाली झाकली जाईल अशा जागी, आधी एक छोटा ठिपका करून महिनाभर थांबावे. ही चाचणी न करता पहिल्याच भेटीत सहा बैठकांचे पॅकेज हातात ठेवणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत; नुसता सल्ला आणि निदान हवे असेल तर तिथल्या केसपेपरच्या खर्चात ते होते.

पांढऱ्या, जुन्या रेघांबाबत मी स्पष्टच सांगते. चांगल्या हातांखाली पोत सुधारतो, रेघ अरुंद होते, बोट फिरवले तर खळगा कमी लागतो. पण तिथे गेलेला रंग पूर्ण परत आणणारे साधन आज आमच्याकडे नाही. ताईंच्या आईने इतक्या वर्षांनी लेझरचा विचार करू नये, असे त्यांना सांगितले तरी चालेल.

ताईंनी सध्या एवढेच करावे. पुढच्या तपासणीच्या वेळी वजनाच्या नोंदी दाखवून वाढीचा वेग ठीक आहे ना हे विचारावे. या काळात आठवड्याला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. रात्री सासूबाईंचे तेल थोडे लावावे. मैत्रिणीच्या क्रीमवरचे घटक वाचावेत, रेटिनॉल नसेल तर ते संपवावे, पण दुसरा डबा घेऊ नये. आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर, दिवसा खिडकीजवळ उभे राहून, बाजूने येणाऱ्या उजेडात पोटाचा एक फोटो काढून ठेवावा. उपचार सुरू केला तर सहा महिन्यांनी त्याच खिडकीत दुसरा फोटो काढता येईल आणि फरक पडला की नाही हे दवाखान्यातल्या कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहणार नाही.